काडतूस बसले म्हणून चालत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवार पुरवणीतला जुन्या रिव्हॉल्व्हरच्या छंदावरचा लेख वाचला. मी इथे ओहायोत, सिनसिनाटीजवळ राहतो. आपला पेपर माझ्यापर्यंत पुण्याच्या बहिणीमार्फत पोचतो. तिने कात्रणाचा फोटो पाठवला आणि खाली लिहिले, ‘तुझ्या खुळावर छापून आलंय.’ लेख वाचायला मजा आली. पण शेवटाकडे एक वाक्य आहे, तिथे मी चहाचा कप खाली ठेवला. शंभर वर्षांपूर्वीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये बसेल असे काडतूस आजही दुकानात मिळते, म्हणजे ते आजही बिनघोर चालवता येते, अशा अर्थाचे ते वाक्य आहे. हे चूक आहे. नुसते चूक नाही, ते कुणाची तरी बोटे घेऊन जाईल असे चूक आहे.

माझी थोडी ओळख देतो, म्हणजे हा कोण शहाणा असे वाटायला नको. जन्म खडकीचा. वडील तिथल्या अ‍ॅम्युनिशन फॅक्टरीत होते, म्हणजे १८६९ पासूनच्या त्या जुन्या कारखान्यात. ते कामाला निघाले की आई दारात त्यांचे खिसे चाचपायची, काडेपेटी राहिली नाही ना म्हणून. वडील विडी ओढत नसत, तरी चाचपायची. मी टूलरूममध्ये शिकलो, १९८४ साली मशीन टूलच्या या गावात आलो, डाय आणि फिक्श्चर करत निवृत्त झालो. गेली वीस-बावीस वर्षे जुन्या धाटणीच्या रिव्हॉल्व्हरने नेमबाजी करतो आणि त्यासाठी लागणारी काडतुसे घरी, तळघरातल्या बाकावर, स्वतः भरतो. इथे स्वतःच्या वापरासाठी ते कायदेशीर आहे, विकायला निघालात तरच परवाना लागतो. भारतात तसे नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ प्रमाणे परवान्याशिवाय दारूगोळा तयार करणे हा गुन्हा आहे. तेव्हा हे वाचून कुणी स्वयंपाकघरात शिसे वितळवायला बसू नये.

आधी शब्दांचे सांगतो, कारण लेखात ‘गोळी’ आणि ‘काडतूस’ हे दोन शब्द वाटेल तसे अदलून-बदलून आले आहेत. काडतुसाचे भाग चार. पितळेची पुंगळी, तिच्या बुडाला टोपी, आत दारू, आणि तोंडाशी बसवलेली गोळी. गोळी जाते, दारू जळते, टोपी फुटते, पुंगळी मात्र उरते. सगळ्यांत महाग तीच, आणि तीच पुन्हा वापरता येते. म्हणूनच हा भरण्याचा खटाटोप. टोपी म्हणजे काय हे दिवाळीत टिकल्यांचे पिस्तूल उडवलेल्याला समजावून सांगावे लागू नये.

भरताना करायचे ते इतकेच. फुटलेली टोपी काढायची, फुगलेली पुंगळी डायमध्ये दाबून मूळ मापावर आणायची, तोंड किंचित फाकवायचे, नवी टोपी बसवायची, तोलून दारू घालायची, गोळी दाबायची आणि तोंड परत आवळायचे. टूलरूममधल्या माणसाला यात नवे काही नाही. अडचण सगळी ‘तोलून’ या शब्दात आहे.

दारूचे वजन इथे ग्रेनमध्ये करतात. एक ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम. मला सुरुवातीला याचा अंदाजच येईना, मग सोनाराचे माप आठवले. जुना सरकारी तोळा १८० ग्रेनचा, तोळ्याचे बारा मासे, माशाच्या आठ गुंजा. म्हणजे एक गुंज दोन ग्रेनला किंचित कमी. तेव्हापासून मी मनातल्या मनात गुंजांत मोजतो. ‘.४५ कोल्ट’ हे १८७३ चे काडतूस. त्यात मूळची काळी दारू ४० ग्रेन, म्हणजे एकवीस गुंजा, आणि ती पुंगळीत गळ्यापर्यंत भरायची. सोरा, गंधक, कोळशाची ही दारू गोळीच्या बुडाखाली दाबूनच बसवावी लागते, मध्ये पोकळी ठेवायची नसते. ती ढकलत ढकलत जळते, धूर करते, आणि वास थेट नरक चतुर्दशीच्या पहाटेचा. त्याच पुंगळीत आजची धूररहित दारू घातली तर हलक्या बारासाठी ती तीन-चार गुंजांच्या आसपास लागते. पुंगळीच्या तळाशी चिमूटभर पडते, वर सगळी रिकामी जागा. दुप्पट पडली तरी सांडत नाही. डोळ्याला फरकही पटकन दिसत नाही. काळ्या दारूच्या जमान्यात पुंगळीच स्वतःचे माप होती, चुकून जास्त घालायला जागाच नव्हती. नव्या दारूने ती सोय काढून घेतली.

मी कुठल्या दारूचा किती भार घालतो हे इथे मुद्दाम लिहीत नाही. ज्याला इथे भरायचे आहे त्याने दारू बनवणाऱ्या कंपनीचे छापील पुस्तक उघडावे, माझे पत्र नव्हे.

आता माझी फजिती. १२-१३ वर्षांपूर्वी जानेवारीत, बाहेर गुडघाभर बर्फ, मी लाकडी ठोकळ्यात पन्नास पुंगळ्या उभ्या करून दारू घालत होतो. दुसरी ओळ संपत आली आणि फोन वाजला. बहीणच. आत्याच्या घराच्या वाटणीचा विषय, म्हणजे पाच मिनिटांत संपणारा नव्हे. बोलता बोलता मी ठोकळा बाजूला सरकवला, आणि परत बसलो तेव्हा तो उलटा फिरला होता हे माझ्या लक्षात आले नाही. वसंतात मैदानावर गेलो. पहिली गोळी ठीक. दुसरी ठीक. तिसऱ्याला नेहमीचा ‘धाड’ नाही, नुसते फुस्स, ओल्या सुतळी बॉम्बासारखे. हात घोडा मागे ओढायला निघालाच होता, तेवढ्यात मागे उभ्या असलेल्या टायमरवाल्याने माझ्या खांद्यावर पंजा मारला. गोळी नळीत अडकली होती. पुंगळीत दारूच नव्हती, नुसत्या टोपीच्या जोराने गोळी दोन बोटे पुढे सरकून बसली होती. चौथी झाडली असती तर ती तिच्यावर जाऊन आदळली असती आणि नळीला गळू आल्यासारखा फुगा आला असता. तेही नशीब चांगले असते तर.

पितळी सळईने ठोकून गोळी बाहेर काढली. पण खरी भीती घरी येताना गाडीत वाटली. एक पुंगळी रिकामी राहिली याचा अर्थ माझे मोजणे चुकले होते. मग एखादीत दोनदा तर पडली नसेल? उरलेली ४७ काडतुसे तराजूवर घालून पाहिली, काही कळेना. पुंगळ्या वेगवेगळ्या कारखान्यांच्या, गोळ्या घरी ओतलेल्या. त्यांच्याच वजनातला फरक दारूच्या सबंध भारापेक्षा जास्त. शेवटी हातोडीसारखे एक प्लास्टिकचे अवजार असते, त्यात काडतूस अडकवून जमिनीवर आपटले की गोळी सुटते. तळघराच्या फरशीवर ते एकेक आपटत बसलो. बायको वरून दोनदा विचारून गेली की खाली काय चालले आहे. एकतिसाव्या काडतुसात दुप्पट दारू निघाली. ती पुंगळी मी पालथी केली नाही, तशीच दिव्याखाली धरून बराच वेळ बघत बसलो.

तेव्हापासून फोन वरच्या मजल्यावर असतो. सगळ्या पुंगळ्या भरल्या की टॉर्च घेऊन प्रत्येकीत डोकावतो, डावीकडून उजवीकडे आणि मग उजवीकडून डावीकडे. बहिणीला हा किस्सा सांगितला तर म्हणाली, आत्याचं घर तरी कुठे सुटलंय अजून.

हे माझ्या हातचे झाले. आपल्या लेखातल्या वाक्याला खरे उत्तर माझ्या शेजारणीच्या कपाटातून निघाले.

यजमान गेल्यावर या बाईंना त्यांच्या कपाटात एक वेब्ली रिव्हॉल्व्हर सापडले. मार्क सहा, ब्रिटिश सैन्याने १९१५ साली घेतलेले मॉडेल, बर्मिंगहॅमचे. आपल्याकडच्या जुन्या मंडळींनी फौजदाराच्या कमरेला, दोरीने अडकवलेले याच घराण्यातले रिव्हॉल्व्हर पाहिले असेल. मधोमध मोडून उघडते आणि उघडताना रिकाम्या पुंगळ्या आपोआप बाहेर फेकते. बाईंचा नातू आला, त्याने दुकानातून ‘.४५ ऑटो’ची पेटी आणली, सोबत अर्धचंद्राकृती पत्र्याच्या पट्ट्या, आणि चक्रीत, म्हणजे काडतुसे ठेवायच्या फिरत्या भागात, सहाही अगदी चपखल बसली. आता मागच्या शेतात जाऊन झाडायचे म्हणून तो निघाला होता. बाईंनी मला खिडकीतून हाक मारली, ‘तुम्हाला यातलं कळतं ना, एकदा नजर टाका.’

नजर टाकली. चक्रीची मागची बाजू घासलेली होती. लेथवर किंवा मिलिंगवर घेतलेला कट माझ्या नजरेतून सुटत नाही, त्यावर टूलच्या रेघा होत्या आणि मूळचे निळे पॉलिश तेवढ्यापुरते गेले होते. याची हकीकत अशी. वेब्लीचे मूळ काडतूस ‘.४५५’. आखूड पुंगळी, पातळ काठ, २६५ ग्रेनची मऊ शिशाची गोळी, म्हणजे जवळजवळ दीड तोळा शिसे, आणि दाब अगदी बेताचा. दुसऱ्या महायुद्धानंतर ही रिव्हॉल्व्हरे ढिगाने अमेरिकेत आली, स्वस्तात. पण इथे त्यांचे काडतूस सहज मिळेना. मग व्यापाऱ्यांनी चक्रीचा मागचा भाग घासून त्यात इथल्या सैन्याचे ‘.४५ ऑटो’ बसेल एवढी जागा केली. त्या काडतुसाला बाहेर आलेला काठ नसतो, ते पिस्तुलासाठी बनवलेले. म्हणून तीन-तीन काडतुसे धरणारी अर्धचंद्र पट्टी लागते. ही पट्टी मुळात १९१७ च्या अमेरिकन सैनिकी रिव्हॉल्व्हरसाठी काढलेली, तीच इथे कामी आली. काडतूस बसले, रिव्हॉल्व्हर विकले गेले.

पण त्याच नळीच्या बाजूला बर्मिंगहॅमच्या चाचणीघराचा शिक्का होता. भिंग घेऊन मी नातवाला तो वाचायला लावला: ६ टन. म्हणजे चौरस इंचाला सहा टन दाब, ब्रिटिश टनाच्या हिशेबाने १३,४४० पौंड. ‘.४५ ऑटो’च्या काडतुसाला इथल्या मानकाप्रमाणे मुभा आहे २१,००० पौंडांपर्यंत. जुन्या ब्रिटिश मोजण्याची पद्धत आणि आजची पद्धत एक नाही, हे मला माहीत आहे. आकड्याला आकडा लावून वजाबाकी करू नये. पण पद्धतीच्या फरकाने एवढी दरी भरत नाही. ‘रोज एक पेटी झाड,’ मी त्याला म्हटले, ‘पहिल्या दिवशी काही होणार नाही. बहुधा दुसऱ्याही दिवशी नाही.’ बिजागरी ढिली होते, वरची कडी खेळायला लागते, मग एक दिवस चक्रीच्या भिंतीला, जिथे थांबवणारी खाच कोरलेली असते आणि धातू सगळ्यात पातळ असतो, तिथे चीर जाते. लोखंड सांगून फुटत नाही, हे टूलरूममध्ये चाळीस वर्षे पाहिले आहे.

नातू शहाणा निघाला. पेटी परत केली. मग उन्हाळ्यात मी त्याला बाकावर घेऊन बसलो आणि त्या वेब्लीसाठी तिच्या ताकदीचे काडतूस भरले. पुंगळी घेतली ‘.४५ ऑटो रिम’ची. ही म्हणजे ऑटोचीच पुंगळी, पण जाड काठाची, पट्टीची भानगड नको. हे काडतूस १९२० साली पीटर्स कंपनीने काढले, आणि तिचा कारखाना आमच्या घरापासून पंधरा मिनिटांवर, किंग्ज मिल्सला, लिटल मायामी नदीच्या काठावर. विटांची ती जुनी इमारत आणि मनोरा अजून उभे आहेत. १८९० च्या जुलैत तिथल्या दारूच्या वाघिणींचा स्फोट होऊन माणसे गेली. आता तिथे भाड्याच्या सदनिका आहेत, तळाला बिअर मिळते आणि समोरून सायकलवाले जातात. मी नातवाला आधी तिथे नेले, मग बाकावर बसवले. वडिलांनी मला काही शिकवताना असेच केले असते असे वाटते.

गोळीचा प्रश्न जास्त नाजूक होता. ऑटोच्या गोळीचा व्यास इंचाच्या ४५२ हजारांश, वेब्लीची नळी ४५५ च्या घरात. तीन थाऊचा, म्हणजे इंचाच्या तीन हजारांशाचा फरक. आमच्या धंद्यात तीन थाऊवर जॉब रिजेक्ट होतो. त्यात गंमत अशी की या वेब्लींच्या चक्रीची पुढची भोके बहुतेकदा नळीपेक्षा अरुंद असतात. गोळी आधी तिथून आवळून जाते आणि मग रुंद नळीत सैल पडते. इंग्रजांनी यावर उपाय केला तो गोळीच्या बुडाला खोलगट वाटी ठेवून. मऊ शिसे, मागून दाब आला की वाटीच्या भिंती फाकतात आणि नळी धरतात. म्हणून इथे कडक मिश्रधातूची गोळी ओतून चालत नाही, जवळजवळ निखळ शिसे लागते. मी साचा मागवला, नातवाने ओतल्या. पहिल्या वीसेक सुरकुतलेल्या निघाल्या, साचा गार होता. नंतर चांगल्या जमल्या. गॅरेजचे दार उघडे, पंखा चालू, हातमोजे, आणि काम झाल्यावर जेवणाआधी साबणाने हात. शिसे पोटात जाणे हे बंदुकीइतकेच वाईट, फक्त आवाज होत नाही.

सप्टेंबरात झाडले. पंचवीस यार्डांवर सहापैकी पाच माझ्या तळहाताएवढ्या जागेत. सहावी कुठे गेली ते आम्ही दोघांनी विचारले नाही.

लेखात आणखी एक घोटाळा आहे, तो थोडक्यात. ‘जुने’ आणि ‘जुन्यासारखे’ यांची त्यात सरमिसळ झाली आहे. इथल्या १९६८ च्या कायद्याने १८९८ किंवा त्याआधीचे शस्त्र ते पुराणवस्तू. पण आमच्या नेमबाजीच्या स्पर्धेत हाती असतात ती बहुतेक इटलीची, ब्रेशाजवळच्या खोऱ्यात बनलेली नवी रिव्हॉल्व्हरे, दिसायला १८७३ ची आणि पोलाद आजचे. त्यांत हलकी धूररहित दारू बेलाशक चालते. खुद्द कोल्ट कंपनीने आपल्या रिव्हॉल्व्हरची धूररहित दारूसाठी हमी द्यायला १९०० मध्ये सुरुवात केली. त्याआधीची असतील तर काळी दारू घाला किंवा काचेच्या कपाटात ठेवा. काळी घातलीत तर त्याच संध्याकाळी गरम पाण्याने धुवा, पुंगळ्यासुद्धा. तिची राख हवेतले पाणी ओढते, दोन दिवसांत गंज. आमच्या ओहायोच्या उन्हाळ्यात दोन दिवस, कोकणात दुसऱ्या सकाळी दिसेल.

स्पर्धेचे नियम लेखकाला रंजक वाटले असते, पण ते त्यांनी दिलेले नाहीत. चक्रीत घरे सहा, काडतुसे पाचच भरायची, घोडा रिकाम्या घरावर टेकवायचा. जुन्या बनावटीत घोड्याचा काटा थेट टोपीवर बसतो, एवढ्याशा ठोक्याने बार होतो. आणि या नेमबाजांच्या संघटनेत प्रत्येकाला एक टोपणनाव घ्यावे लागते, दुसऱ्या कुणाचे नसलेले. माझे ‘खडकी किड’. नोंदणीच्या बाईंनी विचारले, हे खडकी कुठल्या राज्यात. मी म्हटले, महाराष्ट्रात. त्यांनी लिहून घेतले.

तेव्हा विनंती अशी की, ते वाक्य ज्या पुरवणीत छापले त्याच पुरवणीत त्याची दुरुस्ती छापावी, आतल्या पानावरच्या बारीक चौकटीत नको. आणि आपल्या वाचकांपैकी कुणाच्या माळ्यावर आजोबांचे असे काही निघाले, परवान्याचा पत्ता नसला, तर त्यात काय बसते ते बघत बसू नये. न उघडता, चापाला बोट न लावता, जवळच्या पोलीस ठाण्यात कळवून ते रीतसर जमा करावे. कायद्यात त्याची सोय आहे.

आपला,
खडकीचा एक जुना टूलमेकर
(सध्या मुक्काम सिनसिनाटीजवळ, ओहायो)

ता.क. लेखासोबतच्या छायाचित्राखाली ‘कोल्ट’ असे छापले आहे. चित्रात नळीच्या बुडाशी बिजागरीचा मोठा स्क्रू स्वच्छ दिसतो आणि घोड्याजवळ रिकिबीसारखी कडी. ती वेब्ली आहे. चक्रीची मागची बाजू फोटोत आलेली नाही. ज्यांच्याकडे ते रिव्हॉल्व्हर आहे त्यांना ती एकदा बघायला सांगा.